पाळीव पोपटाची मादी सतत अंडी घालत असेल तर काय करावे आणि कोणत्या क्रमाने

एकट्या पाळलेल्या मादीने अंडे घातले की बहुतेक घरांत ते उचलून टाकले जाते. दोन दिवसांनी दुसरे येते, तेही टाकले जाते, आणि महिनाभरात दहा-बारा अंडी झाली की ‘ही थांबतच नाही’ अशी काळजी सुरू होते. वास्तविक तिला थांबू न देणारी गोष्ट म्हणजे अंडी टाकणे हीच असते. कॉकाटील आणि बजरीगर या जातींत पोटाखाली पुरेशी अंडी लागली की मादी अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. अंडी नाहीशी होत राहिली तर ती भरून काढण्यासाठी पुढची अंडी तयार होत राहतात. कोंबडीखालची अंडी रोज उचलली तर ती खुडूक न बसता अंडी देत राहते, हे ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की कॉकाटीलचे सगळे वजन ८० ते १०० ग्रॅम असते, एक अंडे सुमारे पाच ग्रॅमचे असते आणि त्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही तर ते तिच्या हाडांतून काढले जाते.

हा लेख मुख्यतः कॉकाटीलविषयी आहे, जिला बाजारात सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. बजरीगर, जिला आपल्याकडची दुकाने ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, आणि खरी आफ्रिकन लव्हबर्ड यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाही, त्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

किती अंडी म्हणजे अती, हेही आधी ठरवलेले बरे. एका खेपेला चार ते सहा अंडी, दोन अंड्यांमध्ये साधारण ४८ तासांचे अंतर आणि वर्षात अशी एखादी किंवा फार तर दुसरी खेप, हे निरोगी मादीला झेपते. एका खेपेत आठांच्या पुढे अंडी गेली, वर्षात तिसरी खेप सुरू झाली, किंवा आधीच्या अंड्यांवरून उठून पुरते पंधरा दिवसही होण्याआधी नवे अंडे आले, तर मी ते अती धरतो. नर नसताना अंडी कशी आली, हा प्रश्न गैरलागू आहे; मादीला अंडे घालण्यासाठी नर लागत नाही, अंडे फळण्यासाठी लागतो.

उपाय बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात. चुकतो तो क्रम. अंडी चालू असतानाच आहार तोडला तर मादी अशक्त होते, अंड्यांवर बसलेली असताना पिंजरा हलवला तर ती अंडी सोडून नवी खेप सुरू करते, आणि कॅल्शियमची सोय न करता नुसता अंधार केला तर पोटात आधीच तयार होत असलेले अंडे अडकण्याचा धोका तसाच राहतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

## टप्पा १: अंडे अडकलेले नाही ना, हे आधी पाहावे

बाकी सगळे उपाय काही दिवसांनी सुरू केले तरी चालतात. अडकलेल्या अंड्याला मात्र काही तासांचीच मुदत असते. मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे, पाय फाकवून उभी राहते, शेपटी श्वासागणिक वरखाली होते, कुंथते पण काही बाहेर येत नाही, चोच उघडी ठेवून श्वास घेते, किंवा एखाद्या पायात जोर राहिलेला नाही, यांपैकी काहीही दिसले तर हा लेख बाजूला ठेवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे निघावे.

जाताना लहान खोक्यात किंवा वाहतुकीच्या पिंजऱ्यात तळाला टॉवेल अंथरावा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे जास्त झाले तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येते. आतले तापमान ३० अंशांच्या आसपास असावे. रिक्षात वारा लागणार नाही असे खोके झाकावे, पण हवा जायला जागा ठेवावी.

सावधान: तेल किंवा एरंडेल लावणे, पोट दाबून अंडे ढकलणे, सुईने ते आतच फोडणे यांपैकी काहीही घरी करू नये. कवचाचे तुकडे आतली नळी फाडतात आणि दाबलेले पोट श्वास अडवते. मलद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला, तर तो निर्जंतुक सलाईनने ओला ठेवून लगेच निघावे. तो आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये.

## टप्पा २: वही, वजनकाटा आणि बाकीची जमवाजमव

मादी खाते-पिते आहे, दांडीवर बसते आहे, आवाज नेहमीचा आहे, अशी खात्री झाल्यावर तयारीला लागावे. ही तयारी अर्ध्या दिवसाची आहे आणि तीच नेमकी वगळली जाते.

स्वयंपाकघरात वापरतात तो एका ग्रॅमपर्यंत अचूक असणारा डिजिटल काटा घ्यावा. त्यावर तिच्या ओळखीची लहान दांडी किंवा उघडा स्टीलचा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग तिला त्यावर चढवावे. वजन रोज सकाळी, पहिली विष्ठा पडून गेल्यावर आणि दाणे देण्याआधी घ्यावे; दुपारचे वजन सकाळच्या वजनाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. अंडे येण्याआधी वजन काही ग्रॅम चढते आणि अंडे पडल्यावर उतरते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये; आठवड्याचा कल पाहावा.

वहीत तारीख, वजन, कितवे अंडे, कवच कसे आहे, विष्ठा कशी आहे आणि दिवा किती वाजता बंद केला, एवढेच लिहावे. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘१२ जून. ९४ ग्रॅम. तिसरे अंडे पहाटे. कवच गुळगुळीत. सकाळची विष्ठा मोठी, वास. दिवा ७.१०.’ अंड्यांवर बसलेली मादी विष्ठा रोखून धरते आणि सकाळी एकदम मोठा, वास येणारा गोळा टाकते. तो आजार नसतो. पण तो वहीत असला की पुढे डॉक्टरांनी विचारल्यावर आठवत बसावे लागत नाही.

याशिवाय पाच-सहा खोटी अंडी, समुद्रफेस (कटलफिश या सागरी जीवाचे पांढरे, कॅल्शियमयुक्त हाड), जाड गडद कापड आणि संध्याकाळी अंधार करता येईल अशी एक खोली हवी. आणि पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांचा फोन आजच शोधून ठेवावा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली असतात, पक्ष्यांचे नसतात. रात्री अकरा वाजता शोध सुरू केला तर सकाळ होते. मुंबईतील परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांतही फोन करून विचारता येते.

तपासणी: सलग तीन सकाळी वजन घेता आले आणि वहीत उतरले, तरच पुढे जावे. मात्र अंडी घालणे चालूच असेल तर टप्पा ३ आणि ४ साठी थांबू नये, ते त्याच दिवशी सुरू करावेत.

## टप्पा ३: कॅल्शियमची सोय

नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या मादीच्या शरीरात कॅल्शियम मुळातच कमी असते, कारण राळे, बाजरी, सूर्यफूल, करडई यांत ते फारसे नसते आणि फॉस्फरस भरपूर असतो. समुद्रफेस पिंजऱ्यात मऊ बाजू तिच्याकडे करून, ती बसते त्या दांडीजवळ तारेने घट्ट बांधावा. कित्येक घरांत तो महिनोन्‌महिने कोपऱ्यात कोरा लटकत असतो, कारण कडक बाजू आतल्या अंगाला असते. ती त्याला चोच लावत नसेल तर सुरीने खरवडून त्याची भुकटी दाण्यांवर भुरभुरावी. दाणे किंचित ओलसर केले तर भुकटी चिकटते, पण असे ओले दाणे दोन तासांत काढून घ्यावेत.

कोंबडीच्या अंड्याचे कवच दहा मिनिटे उकळून, वाळवून, कुटून दिले तरी चालते. मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर रोज थोडी द्यावी. पालकावर मात्र भिस्त ठेवू नये, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

पोटात गेलेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे आणि ते थेट उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नसतो, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. ती अंड्यांवर बसलेली नसेल तेव्हा आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे पिंजरा गॅलरीत उघड्या उन्हात ठेवावा, अर्धा भाग सावलीत असावा आणि तेवढा वेळ आपण तिथेच बसावे. कावळे आणि मांजरे पिंजऱ्याच्या गजांतूनही इजा करतात.

सावधान: माणसांसाठीचे कॅल्शियमचे सिरप अंदाजाने पाण्यात टाकू नये. त्यात ड जीवनसत्त्वही असते आणि ते नव्वद ग्रॅमच्या जिवाला थेंबाथेंबाने जास्त होऊन मूत्रपिंडे निकामी करू शकते. द्रव औषध द्यायचेच असेल तर वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा घ्यावी.

## टप्पा ४: अंडी उचलू नयेत, भरू द्यावीत

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात आणि मीही याच ठिकाणी चुकलो. आमच्या करड्या कॉकाटीलने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा मी ती एकेक करून टाकून दिली. अठ्ठावीस दिवसांत चौदा अंडी झाली. चौदावे ट्रेमधल्या कागदावर पडले होते. हातात घेतले तर ते बोटांखाली दबले, ओल्या फुग्यासारखे, कवच जवळजवळ नव्हतेच. त्या दुपारी ती दांडीवर चढू शकली नाही. डॉक्टरांनी कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘आधीची अंडी कुठे आहेत?’

म्हणून पहिले अंडे दिसले की ते जिथे आहे तिथेच राहू द्यावे. पिंजऱ्याच्या जाळीवर पडले असेल तर एका कोपऱ्यात उथळ, चपटी ताटली ठेवून तिच्यात टॉवेलचा तुकडा अंथरावा आणि अंडे तिच्यात ठेवावे. खोल वाटी किंवा खोके देऊ नये; आपल्याला अंडी घरंगळण्यापासून वाचवायची आहेत, तिला घरटे बांधून द्यायचे नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी.

दुसरे अंडे आल्यावर सोबत खोटी अंडी ठेवून एकूण संख्या पाच करावी. कॉकाटीलचे अंडे साधारण २५ मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर रुंद असते, बजरीगरचे सुमारे १८ बाय १४. खोटी अंडी त्याच मापाची, पांढरी, प्लॅस्टिकची किंवा लाकडी असावीत. थर्माकोलची किंवा मेणाची नकोत, ती कुरतडली जातात. पक्ष्यांच्या दुकानात मिळाली नाहीत तर खेळण्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात त्या मापाचे लाकडी, बिनरंगाचे मणी मिळतात. भोक लाकडाच्या तुकड्याने बुजवून घ्यावे.

घरात नर असेल तर खरी अंडी फळलेली असू शकतात. अशा वेळी प्रत्येक अंडे घातल्याच्या दिवशीच उचलून गार पाण्यात ठेवावे, पाणी हळूहळू उकळू द्यावे, दहा मिनिटे उकळून पूर्ण थंड झाल्यावर त्याच जागी परत ठेवावे. एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर कवच तडकते. चार-पाच दिवस उबलेले अंडे उकळणे मला मान्य नाही. त्यात जीव वाढीला लागलेला असतो. एकटी मादी असेल तर उकळण्याची गरजच नाही.

आता तिला बसू द्यावे. कॉकाटीलचा उबवण्याचा काळ साधारण १८ ते २१ दिवसांचा, बजरीगरचा १८ दिवसांच्या आसपासचा आणि आफ्रिकन लव्हबर्डचा सुमारे २३ दिवसांचा असतो. त्यानंतर ती हळूहळू उठते: आधी खाण्यापुरती, मग तासभर, मग दिवसदिवस. दहाव्या दिवशी ‘बिचारी उगीच बसली आहे’ म्हणून अंडी काढली जातात आणि आठवड्याभरात पुढची खेप येते. हे बसणेच तिची विश्रांती आहे, कारण या काळात नवे अंडे तयार होत नाही.

तपासणी: एखादे खरे अंडे तडकले किंवा त्याला वास आला तर ते काढून तत्काळ खोटे ठेवावे, म्हणजे संख्या कमी होणार नाही. ती दिवसातून चार-पाच वेळा तरी उठून खाते आहे ना, हे पाहावे. वजन तिच्या नेहमीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक उतरले तर डॉक्टरांना फोन करावा.

## टप्पा ५: दिवस लहान करावा

हा टप्पा ती अंड्यांवर बसलेली असतानाच सुरू करता येतो. दिवस मोठा असणे हा मादीच्या शरीरासाठी विणीचा इशारा असतो. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. त्यात दिवाणखान्यातली ट्यूबलाईट रात्री साडेअकरापर्यंत चालू राहिली की पक्ष्याच्या हिशेबाने दिवस सोळा-सतरा तासांचा होतो, तोही बाराही महिने. फ्लॅटमधल्या पक्ष्यांना वर्षभर अंडी येतात, याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते.

उजेड आठ ते दहा तासांवर आणावा. संध्याकाळी साडेसहाला अंधार आणि सकाळी साडेआठला उजेड, किंवा आपल्या कामाच्या वेळेला जुळेल असे दुसरे काही. वेळ रोज एकच असावी. असे किमान दोन ते तीन आठवडे, आणि अंडी पूर्ण थांबेपर्यंत करावे. पुढे मग दहा ते अकरा तासांचा दिवस कायम ठेवावा.

पिंजऱ्यावर कापड टाकले म्हणजे अंधार झाला असे नाही. कापड टाकून, दिवे नेहमीसारखे चालू ठेवून, वर्तमानपत्र कापडाच्या आत धरून पाहावे: मथळा वाचता आला तर तिथे अंधार नाही. टीव्हीचा आवाज आणि लुकलुकणारा प्रकाश असेल तर दुहेरी कापडही पुरत नाही. रात्रीपुरता पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि सकाळी परत जागेवर आणावा. ती अंड्यांवर असेल तर मात्र पिंजरा हलवण्याऐवजी खोलीचाच दिवा बंद ठेवण्याची काहीतरी तडजोड घरात करावी लागते. मालिका दुसऱ्या खोलीत पाहायला घरचे सहज तयार होत नाहीत, हे अनुभवाने सांगतो, पण तीन आठवड्यांचीच गोष्ट आहे असे सांगितले की होतात.

सावधान: कॉकाटील गडद अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात फडफडते आणि पंख जखमी करून घेते. असे झाले तर खोलीबाहेरच्या बोळात एक झिरो बल्ब ठेवावा, पिंजऱ्याजवळ नको. दिवसा कापड अर्धवट टाकून ठेवण्याची सवयही मोडावी. अर्धा झाकलेला पिंजरा तिला ढोलीसारखा वाटतो.

## टप्पा ६: घरट्याची जागा आणि मानलेला जोडीदार

बजरीगरच्या पिंजऱ्याला लटकवलेले मातीचे मडके, नारळाच्या करवंटीचे घर, लाकडी पेटी, कापडी झोपडी हे सगळे कायमचे निघाले पाहिजे. ती सध्या मडक्यातच अंड्यांवर बसलेली असेल तर ती उठेपर्यंत थांबावे. नसेल तर आजच काढावे. ‘तिला झोपायला लागते’ हा गैरसमज आहे, पोपटवर्गातील हे पक्षी दांडीवर झोपतात.

मोकळी सोडल्यावर ती कुठे शिरते, हे एक दिवस नुसते पाहावे. चपलांची मांडणी, सोफ्याखालची फट, कपाटाचा उघडा खालचा कप्पा, पुस्तकांमागची जागा, उशीचा अभ्रा. त्या जागा बंद कराव्यात. तिथून तिला रोज हुसकावत बसण्याचा उपयोग नाही. आफ्रिकन लव्हबर्ड मादी कागदाच्या सरळ लांब पट्ट्या कापते, आणि तिच्या काही जाती त्या शेपटीवरच्या पिसांत खोचून नेतात. हे पाहायला गंमतीचे असले तरी ते घरटे बांधणेच आहे. तिच्या आवाक्यात कागद ठेवू नये आणि ट्रेमधला कागद जाळीच्या खाली राहील असा घालावा.

जोडीदाराचे तसेच आहे. आरसा, चकचकीत घंटा, मऊ बाहुली, स्टीलची वाटी यांच्यासमोर ती खाल्लेले दाणे बाहेर काढून भरवू पाहत असेल तर ती वस्तू तिचा नर झालेली आहे, ती काढावी. हे स्थान बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या माणसाकडे असते. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीजवळ हात फिरवणे पूर्ण बंद करावे, कुरवाळणे डोके आणि मानेपुरतेच ठेवावे. तिने शेपटी उचलून, अंग खाली दाबून बारीक आवाज सुरू केला की रागावू नये, तिला शांतपणे दांडीवर ठेवून निघून जावे. याबाबतीत घरातल्या सर्वांचे एकमत हवे. आजोबांच्या खांद्यावर दुपारभर पाठ खाजवून घेणारी मादी आपण संध्याकाळी कितीही शिस्त लावली तरी ऐकत नाही.

दुकानदार हमखास सुचवतात तो उपाय म्हणजे नर आणून देणे. त्याने अंडी थांबत नाहीत, ती फळू लागतात.

## टप्पा ७: ती उठल्यावर अंडी, पिंजरा आणि आहार

सलग दोन-तीन दिवस तिने अंड्यांकडे पाहिले नाही की सगळी अंडी आणि ताटली एकदम काढावी. त्याच दिवशी पिंजरा धुऊन त्याची जागा बदलावी, दांड्यांची उंची आणि दिशा बदलावी, दाण्या-पाण्याची भांडी दुसऱ्या बाजूला लावावीत. ओळखीची, निवांत, न बदलणारी जागा तिला विणीसाठी सुरक्षित वाटते. पुढचे दोन महिने दर दहा-बारा दिवसांनी काहीतरी हलवत राहावे. भेदरट पक्षी असेल तर बदल थोडे थोडे करावेत, म्हणजे ती खाणे सोडणार नाही.

आहाराला आता हात घालावा, आधी नाही. कॉकाटील मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली आहे. तिथे पाऊस पडून गवताचे बी मुबलक झाले की ती विणीला लागते. आपल्या घरातली सदैव भरलेली दाण्यांची वाटी तिला तो पाऊस रोज पडल्याचे सांगत असते. ती दिवसात किती खाते, हे आठवडाभर मोजावे (टाकलेले दाणे आणि टरफले वजा करून), आणि तेवढेच सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळांना द्यावे. मधल्या वेळात भाज्या ठेवाव्यात. सूर्यफूल आणि करडई केवळ बक्षीस म्हणून हातातून द्यावी. कोमट, मऊ, ओले अन्न, म्हणजे भात, खिचडी, उकडलेले अंडे, मोड आलेली कडधान्ये, हे बंद करावे, कारण नर मादीला भरवतो ते अन्न असेच असते.

दाण्यांवरून पेलेटवर (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांवर) आणायचे असेल तर चार ते आठ आठवडे धरावेत आणि रोज वजन पाहावे. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब पक्ष्यांना लागू होत नाही; न ओळखलेले अन्न समोर असताना लहान पक्षी उपाशी राहून दोन-तीन दिवसांत मरू शकतो.

तिला दिवसाचे काम हवे, हेही आहाराचाच भाग समजावे. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसात खोचलेले राळे, भोके पाडलेल्या लाकडात लपवलेला दाणा, खोलीत रोज अर्धा तास उडणे. उडवताना पंखा बंद आणि आरसे झाकलेले असावेत.

तपासणी: विष्ठेचा आकार आणि संख्या नेहमीसारखी झाली, पोटाखालचा फुगवटा गेला, वजन स्थिर झाले, की खेप संपली असे मानावे.

## टप्पा ८: घरचे उपाय पुरत नसतील तेव्हा

सर्व टप्पे सहा-आठ आठवडे नीट पाळूनही नवे अंडे आले, कवच मऊ किंवा खरखरीत येऊ लागले, पोट फुगलेले आहे पण अंडे पडत नाही, किंवा पाय लटके पडले, तर डॉक्टरांकडे वहीसकट जावे. फुगलेल्या पोटाचे कारण आतच फुटलेले अंडे किंवा पोटात पसरलेला बलक असू शकतो. ते एक्स-रे आणि रक्ततपासणीशिवाय कळत नाही.

हार्मोन थांबवण्यासाठी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दिले जाते, ते काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावे लागते. डेस्लोरेलिनची बारीक कांडी त्वचेखाली बसवली तर परिणाम काही महिने टिकतो, पण तो प्रत्येक मादीत सारखा नसतो. ही औषधे त्या डॉक्टरांकडे मिळतात का, मागवायला किती दिवस लागतात आणि एकूण खर्च किती येतो, हे फोनवरच विचारावे. प्रोजेस्टेरॉनच्या जुन्या प्रकारच्या इंजेक्शनांनी स्थूलपणा, यकृताचे विकार आणि मधुमेह होऊ शकतो, म्हणून कोणते औषध देत आहेत त्याचे नाव विचारून वहीत लिहावे. शस्त्रक्रियेत अंडनलिका काढतात. अंडाशय मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेले असल्याने ते मागेच राहते. लहान पक्ष्यात ती धोक्याची असते आणि बाकी सर्व मार्ग संपल्यावरच तिचा विचार होतो.

इंजेक्शन दिले म्हणून दिवा, मडके आणि पाठीवरचा हात पुन्हा सुरू झाला, तर औषधाचा असर ओसरताच अंडी परत येतात.

## पुढच्या खेपेची चाहूल

अंडे येण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी मादी सांगत असते. ती कोपरे हुंगत फिरते, कागद कुरतडते, जागेवरून हटवले तर चावते, विष्ठा मोठी होते, वजन चढू लागते. बजरीगरच्या चोचीवरची नाकपुडीची कातडी तपकिरी आणि खडबडीत होते. या काळात अंडी नसल्याने अंधार आणि पिंजऱ्याची फेररचना दोन्ही एकाच दिवशी सुरू करता येतात, वाट पाहावी लागत नाही. समुद्रफेस नवा बांधावा आणि खोटी अंडी हाताशी ठेवावीत. मात्र खरे अंडे येण्याआधी ती मांडू नयेत, त्याने ती उलट विणीला लागते.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी आमची मादी चपलांच्या मांडणीखाली शिरू लागली आणि वजन तीन दिवसांत ९१ वरून ९५ झाले. त्याच संध्याकाळी साडेसहाला दिवा बंद केला, मांडणीसमोर फळी लावली आणि पिंजरा खिडकीकडून भिंतीकडे नेला. नवव्या दिवशी वहीत ९१ ग्रॅम आहे आणि ‘कितवे अंडे’ या रकान्यात रेघ.